दोन पेगचा आकडा सरकारने सांगावा का?

वाचकाचे पत्र, संक्षेपाने (नाव व गाव त्यांच्या विनंतीवरून वगळले आहे):

पत्रलेखक ५४ वर्षांचे असून जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतात. गेली अठरा-वीस वर्षे ते आठवड्यातून पाच दिवस, रात्री जेवणाआधी, घरीच व्हिस्कीचे ‘दोन छोटे पेग’ घेतात. कधी तोल गेला नाही, कधी घरात आवाज चढला नाही. रक्तदाबाची एक गोळी दोन वर्षांपासून चालू आहे. नाशिकला परिचारिका असलेल्या मुलीने दिवाळीत ‘पप्पा, सुरक्षित प्रमाण शून्य आहे’ असे सुनावले. वर्गमित्र असलेल्या डॉक्टरांनी मात्र ‘ब्रिटनमध्ये आठवड्याला चौदा युनिट चालतात, थोडी घेतलेली हृदयाला बरीच’ अशी ग्वाही दिली. पत्नी याविषयी काही बोलत नाही. त्यातच गावातील महिलांनी देशी दारूचे दुकान बंद करण्याची मागणी केली असून ग्रामसभेत ‘सर, तुम्हीच बोला’ असा त्यांचा आग्रह आहे. पत्रलेखक विचारतात: खरा आकडा कोणता? आपले सरकार इतर देशांप्रमाणे एक मर्यादा जाहीर करून माझ्यासारख्या माफक पिणाऱ्याला निश्चिंत का करत नाही? आणि मी स्वतः घेत असताना त्या ग्रामसभेत उभा राहू शकतो का?

आदरणीय सर, सप्रेम नमस्कार.

आपल्या मूळ पत्रात ‘निश्चिंत’ हा शब्द तीन वेळा आला आहे. वरच्या संक्षेपात तो एकदाच ठेवला, पण उत्तर लिहिताना माझी नजर पुन्हा पुन्हा तिथेच गेली. प्रकृतीची काळजी असणारा माणूस ‘मला काय होईल’ असे विचारतो; आपण मात्र ‘मला चालेल असे कोणी लिहून देईल का’ असे विचारत आहात. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि दुसऱ्याचे उत्तर कोणत्याही देशाच्या सरकारकडे नाही. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी स्वतः घेत नाही, आणि नंदुरबार जिल्ह्यातील ग्रामीण रुग्णालयांत नोकरीची बरीच वर्षे गेल्याने दारूचे जे रूप मी पाहिले ते बहुतेक वेळा खाटेवरचे होते. माझा कल कुठे झुकतो हे धरूनच पुढचे वाचावे.

आपली मुलगी आणि आपले वर्गमित्र या दोघांचेही म्हणणे कागदावर सापडते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टपणे जाहीर केले की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येणार नाही. ब्रिटनच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २०१६ मध्ये स्त्री-पुरुष दोघांसाठी आठवड्याला १४ युनिटची मर्यादा सांगितली (युनिट हे मद्यार्क मोजण्याचे तिथले माप, त्याचा हिशेब पुढे येतो), हेही खरे आहे. मात्र ‘चालतात’ हे क्रियापद आपल्या मित्राचे आहे. ब्रिटनच्या मार्गदर्शनात धोका कमी पातळीवर ठेवण्यासाठी याच्या वर जाऊ नये असे म्हटले आहे, आणि निर्धोक असे प्रमाण नाही हेही तिथे मान्य केले आहे. शिवाय हा आकडा स्थिर राहिलेला नाही. १९८७ मध्ये तिथे पुरुषांना आठवड्याला २१ युनिट सांगितले होते, १९९५ मध्ये हिशेब दिवसावर आणून ३ ते ४ युनिट केले (म्हणजे आठवड्याला २८ पर्यंत मोकळीक झाली), आणि २०१६ मध्ये ते १४ वर आले. कॅनडात २०११ मध्ये पुरुषांसाठी आठवड्याला १५ पेये ही मर्यादा होती. तिथल्या व्यसनविषयक राष्ट्रीय केंद्राने २०२३ मध्ये कमी धोक्याची पायरी आठवड्याला २ पेयांवर आणून ठेवली. या काळात माणसाचे यकृत काही बदललेले नाही.

मग आकडे इतके वेगळे का? या मर्यादा ठरवताना तज्ज्ञांना आधी एक असा प्रश्न सोडवावा लागतो, ज्याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही: पिणाऱ्यांपैकी किती जण मद्यामुळे दगावले तर समाज ते चालवून घेईल? ब्रिटनने आणि ऑस्ट्रेलियाने साधारणपणे शंभरात एक हे प्रमाण धरले. कॅनडाने ‘कमी धोका’ या पायरीसाठी हजारात एक धरले आणि शंभरात एकची पायरी ‘मध्यम धोका’ म्हणून वेगळी दाखवली. आपण गणित शिकवत नसलात तरी यातला भेद आपल्या लगेच ध्यानात येईल. १४ युनिट हा निश्चिंत होण्याचा आकडा मुळी नाहीच. तो शंभरांतल्या एकाचा हिशेब आहे, आणि तो एक कोण हे आधी कळत नाही.

आता पेल्याकडे येऊ, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. ब्रिटनचे एक युनिट म्हणजे ८ ग्रॅम शुद्ध मद्यार्क, म्हणून १४ युनिट म्हणजे ११२ ग्रॅम. आपल्याकडच्या व्हिस्कीत मद्यार्काचे प्रमाण बहुधा ४२.८ टक्के असते, म्हणजे ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम मद्यार्क जातो. या हिशेबाने ब्रिटनची मर्यादा आठवड्याला अकरा छोटे पेग इतकी होते, आणि कॅनडाची कमी धोक्याची पायरी (तिथले एक पेय म्हणजे सुमारे साडेतेरा ग्रॅम मद्यार्क) पावणेतीन पेगच्या आसपास. आपण पाच दिवस दोन-दोन पेग घेता, म्हणजे दहा पेग, १०० ग्रॅम. ब्रिटनच्या मापाने आपण काठावर का होईना, आत आहात. आपल्या मित्राने नेमका हाच हिशेब केला असावा.

परंतु हा हिशेब ‘छोटा पेग’ खरोखर ३० मिलिलिटरचा असेल तरच टिकतो. मागच्या मार्गशीर्षात अमळनेर तालुक्यातल्या एका मित्राच्या मळ्यात आमची भरीत पार्टी होती. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजून झाली होती, एक जण लाकडी बडगीत ती ठेचत होता, कळण्याच्या पुऱ्या अजून कढईत होत्या, आणि माझ्या खिशात खोकल्याच्या औषधाबरोबर मिळणारे प्लास्टिकचे माप होते. मी चौघांपुढे स्टीलचे पेले ठेवले आणि तांब्यातल्या पाण्याने, केवळ अंदाजाने, प्रत्येकाला एक छोटा पेग ओतायला सांगितले. मग ते पाणी मापाने मोजले. पहिल्याचे ४० मिलिलिटर भरले, दुसऱ्याचे ५०, तिसऱ्याचे ५५. चौथ्याचे ७० भरले, आणि हे गृहस्थ आयुष्यभर बँकेत रोखपाल होते, रोकड जुळवताना एका रुपयाची चूक त्यांच्या हातून कधी झाली नव्हती. ‘आते आम्हना घोट बी मोजशी का भाऊ?’ असे म्हणून त्यांनी माप माझ्या हातातून काढून घेतले. चौघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते, सर. पेल्याला रेघ नसते, आणि रोज ओतणारा हात वर्षागणिक थोडा थोडा सैल होत जातो.

आपला पेग ५० मिलिलिटरचा निघाला, तर आठवड्याचा मद्यार्क १७० ग्रॅमच्या जवळ जातो: ब्रिटनच्या मर्यादेच्या दीडपट, आणि कॅनडाच्या कमी धोक्याच्या पायरीच्या सहापट. म्हणून आकडा कोणाचा खरा हा वाद घालण्याआधी आपला स्वतःचा आकडा काढावा अशी माझी विनंती आहे. जाता जाता दोन मापे इतर वाचकांसाठी: १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम मद्यार्क असतो, आणि आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत ४० ग्रॅम. ‘मी फक्त बियर घेतो’ असे सांगणारा तरुण एका बाटलीत चार छोटे पेग घेत असतो.

हृदयाविषयीची समजूत जुनी आहे आणि ती आपल्या मित्राने मनाने रचलेली नाही. १९९० च्या सुमारास फ्रेंच माणूस लोणी-चीज खाऊनही हृदयविकाराने कमी मरतो, याचे श्रेय रेड वाइनला दिले गेले, आणि अनेक पाहण्यांत न पिणाऱ्यांपेक्षा थोडे पिणाऱ्यांची प्रकृती बरी दिसली. खोट अशी की ‘न पिणारे’ या रकान्यात कोण बसले होते हे नीट पाहिले गेले नव्हते. आजारी पडल्यामुळे किंवा डॉक्टरांनी बंद करायला सांगितल्यामुळे सोडलेले लोकही त्यातच होते. ब्रिटनमधील संशोधक शेपर यांनी १९८८ मध्येच हे दाखवून दिले होते. पुढे चीनमधील पाच लाख लोकांच्या पाहणीत वेगळी युक्ती वापरली गेली. तिथे अनेकांच्या अंगात जन्मतःच असा गुण असतो की घोटभर दारूनेही चेहरा लाल होऊन त्रास होतो, त्यामुळे ते आयुष्यभर कमीच पितात. जन्मजात गुणाच्या आधारे गट पाडले तेव्हा २०१९ मध्ये निष्कर्ष आला की दारू वाढते तसा रक्तदाब आणि पक्षाघाताचा धोका चढतच जातो, थोड्या दारूने धोका कमी झाल्याचे मधे कुठेही दिसत नाही. अमेरिकेत हा वाद कायमचा मिटवण्यासाठी मोठी चाचणी सुरू झाली होती. तिचा बराचसा पैसा मद्य कंपन्यांकडून आला असून तो अधिकाऱ्यांनीच मागितला होता हे उघड झाल्यावर २०१८ मध्ये ती बंद करावी लागली.

प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की वाद पूर्ण संपलेला नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक विश्लेषणात चाळिशीपुढच्या निरोगी माणसाला अगदी थोड्या प्रमाणाचा किंचित लाभ होत असेल, अशी शक्यता मांडली आहे. चाळिशीच्या आतल्यांना मात्र काहीही लाभ दिसत नाही. परंतु हा लाभ गृहीत धरला तरी तो आपल्या पदरात पडण्याची चिन्हे मला दिसत नाहीत, कारण आपण रक्तदाबाची गोळी घेता. मद्य रक्तदाब वाढवते आणि कमी केल्यावर तो बऱ्याच जणांत उतरतो. एका हाताने गोळी घ्यायची आणि दुसऱ्या हाताने ती निष्प्रभ करायची, हे अठरा वर्षांच्या संयमाशी जुळणारे नाही. आपण पत्रात कर्करोगाचा उल्लेख केलेला नाही. मद्य हे कर्करोगकारक म्हणून १९८८ पासून सर्वांत वरच्या, म्हणजे पुरावा निःसंशय असलेल्या, गटात नोंदलेले आहे. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन हे त्याचे अवयव. तंबाखू-चुन्याची सवय असेल तर तोंडाच्या कर्करोगाचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. खानदेशात हे मी जितक्या वेळा लिहिले आहे तितक्या वेळा ते कमीच पडले आहे.

आता सरकारविषयी. आपल्याला वाटते की सरकार आकडा सांगायचे टाळते. मला वाटते, आपल्या राज्यघटनेने या विषयात आधीच एक बाजू घेऊन ठेवली आहे. अनुच्छेद ४७ प्रमाणे सार्वजनिक आरोग्य सुधारणे आणि औषधी उपयोग सोडून मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. ज्या गोष्टीवर बंदीचा प्रयत्न करायचा, तिचे योग्य माप कोणते हे तेच सरकार कसे सांगणार? त्यात मद्य हा विषय सातव्या अनुसूचीत राज्यांकडे आहे आणि मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर असल्याने त्यावरचे उत्पादन शुल्क हे राज्यांचे हक्काचे उत्पन्न आहे. परिणामी, घटना एक सांगते, आरोग्य खाते दुसरे आणि तिजोरी तिसरे. १ एप्रिल २०१९ पासून प्रत्येक बाटलीवर मद्यसेवन आरोग्यास हानिकारक असल्याचा इशारा सक्तीचा आहे. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय उद्दिष्टांत २०२५ पर्यंत मद्यसेवन दहा टक्क्यांनी घटवण्याचे ठरले होते. आणि आपल्याच राज्याच्या मंत्रिमंडळाने जानेवारी २०२२ मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या हितासाठी सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, जो विरोधानंतर अमलात आला नाही. आपल्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली मद्य पिण्यासाठी जो परवाना लागतो, त्याच्या मुळाशी आरोग्य राखण्यासाठी मद्याची गरज असल्याची कल्पना आहे. तेव्हा आपण पीत असलेला पेग कायद्याच्या भाषेत औषध ठरतो. हसू येते, पण आपल्याला हवी असलेली ग्वाही नेमकी हीच आहे.

तरीही ‘दोन पेगपर्यंत हरकत नाही’ असा आकडा भारत सरकारने छापावा असे मला वाटत नाही, आणि त्यामागे नैतिकता नाही, लोकसंख्येचा हिशेब आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांपुढील पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के आणि स्त्रियांपैकी एक टक्क्याच्या आसपास मद्य घेतात असे आढळले. ब्रिटनमध्ये बहुतेक प्रौढ पितात, म्हणून तिथे आकडा हा लगाम ठरतो. आपल्याकडे पाचांपैकी चार पुरुष पीतच नाहीत. त्यांच्यापुढे तोच आकडा ठेवला तर तो आमंत्रणपत्रिका होईल, आणि दुकानदार ती चौकटीत लावून ठेवेल. मात्र सरकारच्या गप्प बसण्याचेही मी समर्थन करणार नाही. क्वार्टरवर ४२.८ टक्के छापलेले असते. त्यात किती ग्रॅम मद्यार्क आहे आणि तो किती छोट्या पेगांइतका आहे हे मोठ्या मराठी अक्षरांत छापायला काय हरकत आहे? मर्यादा सांगू नये, पण माप सांगावे, असे माझे मत आहे. एका नियमाने सगळे झाकता येत नाही याची मला जाणीव आहे. सातपुड्यातल्या पाड्यांवर होळीला देवाला वाहून मग सर्वांनी मिळून घेतलेली मोहाची दारू आणि तालुक्याच्या गावी काउंटरवर उभ्याने रिचवलेली क्वार्टर यांना मी एका रांगेत बसवणार नाही, जरी यकृताला त्यातला फरक कळत नसला तरी.

ग्रामसभेचे उत्तर मला सोपे वाटते. जरूर उभे राहा, पण तिथे जाण्यापूर्वी पत्रातले एक वाक्य मनातून काढून टाका. आपण लिहिले आहे, ‘दुकानासमोर पडलेल्यांत आणि माझ्यात फरक आहे.’ फरक आहेच. आपल्याला पगार आहे, पोटात अन्न आहे, घरी खुर्ची आहे आणि पडलात तर उचलायला माणसे आहेत. कुपोषित, दिवसभर राबलेल्या शरीराला तितकीच दारू जास्त इजा करते. अतिमद्यपानाने क्षयरोगाचा धोका सुमारे तिपटीने वाढतो, हे मी नंदुरबारच्या वॉर्डात पुस्तकाबाहेर पाहिले आहे. हा फरक परिस्थितीचा आहे, त्यात आपल्या स्वभावाचे श्रेय थोडे. कोणी सभेत ‘सर, तुम्ही बी तर घेतस ना’ असे विचारलेच, तर ‘हो, घेतो, आणि म्हणूनच दुकान जवळ नसलेले बरे हे मला ठाऊक आहे’ असे सांगता येईल. खोटे बोलून उभे राहिलात तर मात्र मागणी करणाऱ्या बायकांचेच नुकसान कराल.

दुकान बंद करायचे की नाही हे शेवटी महिलांच्या मतदानाने ठरते, आणि त्यातली एक अडचण आधीच ध्यानात घ्यावी. मतपत्रिकेवर आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी बाटली म्हणजे चालू. आडवी बाटली जिंकण्यासाठी एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात, केवळ हजर असलेल्यांच्या नव्हे. ऊसतोडीला गेलेली आणि माहेरी गेलेली प्रत्येक बाई न बोलता उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. सभेतल्या भाषणापेक्षा मतदानाची तारीख आणि त्या दिवशीची वाहने यांकडे आपण लक्ष दिलेत तर अधिक उपयोग होईल. दुकान बंद झाल्यावर हातभट्टी येऊ नये यासाठीही माणसे लागतील. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा दारूबंदीच्या गुजरातेत आहे. सीमेवर नोकरी केलेल्या माणसाला बंदीचे यश-अपयश दोन्ही समजावून सांगावे लागत नाही. त्याच गुजरातेत जुलै २०२२ मध्ये बोटाद परिसरात विषारी दारूने चाळीसहून अधिक माणसे गेली.

आपण काय करावे? उद्यापासून मापाने ओता आणि चार आठवडे वहीत मिलिलिटर लिहा. निम्म्यावर येण्याचा प्रयत्न करा, सलग तीन दिवस पूर्ण कोरडे ठेवा आणि त्याच वहीत सकाळचा रक्तदाब नोंदवा. रक्तदाब खाली आला तर गोळीविषयी डॉक्टरांशी बोला. स्वतःहून ती बंद करू नका. ते तीन दिवस चिडचिडीचे गेले, किंवा संध्याकाळी सात वाजले की लक्ष कपाटाकडे जाऊ लागले, तर ‘माफक’ या शब्दाचा अर्थ आपल्याला नव्याने शोधावा लागेल.

आपल्यासारख्याच इतर वाचकांना मला निराळे सांगायचे आहे. जे रोज क्वार्टर किंवा त्याहून जास्त घेतात आणि ज्यांचे हात सकाळी थरथरतात, त्यांनी हा लेख वाचून एका रात्रीत बंद करू नये. अचानक सोडल्याने झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि जीवावर बेतू शकते. आधी डॉक्टरांना भेटावे, किंवा व्यसनमुक्तीसाठीच्या १४४४६ या निःशुल्क क्रमांकावर अथवा मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ वर बोलावे. गर्भवती स्त्रिया, क्षयरोगाचे उपचार चालू असलेले, कावीळ होऊन गेलेले किंवा यकृताचा आजार असलेले, झोपेच्या गोळ्या घेणारे आणि गाडी चालवणारे यांच्यासाठी या आकड्यांच्या चर्चेला जागाच नाही. त्यांचा आकडा शून्य आहे.

राहिल्या वहिनी. त्या काही बोलत नाहीत, म्हणून त्यांची हरकत नाही असे आपण धरले आहे. रोज रात्री जेवण एक तास पुढे कोणासाठी जाते, पापड कोण तळते, आणि गावातल्या ज्या बायकांनी दुकान बंद करा म्हणून अर्जावर सह्या केल्या त्यांत वहिनींची सही आहे का, हे आपण पत्रात लिहिलेले नाही. आपल्याला ठाऊक नसेल तर ग्रामसभेच्या आधी त्यांना विचारावे, आणि ते पेल्याच्या वेळी नव्हे, सकाळच्या चहाला.